बोंबील काय खातो, हे कुणी ठरवलं?

आमच्या शिक्रापुरातून समुद्र बघायचा तर आधी घाट उतरावा लागतो. तरी आठवडे बाजारात सुकट आणि सुके बोंबील शेजारीशेजारी मांडलेले असतातच. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, आणि जवळा हे बोंबलाचं नेहमीचं खाणं. म्हणजे तुम्ही एकाच पिशवीत खाणारा आणि खाल्ला जाणारा दोघांना घरी आणता. मी ज्या मॉडेलवर काम करते, त्यात हेच नातं एका आकड्यात लिहावं लागतं. माझी तक्रार त्या आकड्याबद्दल आहे.

मॉडेलचं नाव इकोपाथ. जेफ्री पोलोविना यांनी १९८४ मध्ये हवाईकडच्या प्रवाळ परिसंस्थेसाठी त्याची सुरुवात केली, पुढे डॅनियल पॉली आणि विली क्रिस्टेन्सन यांनी ते वाढवलं. कल्पना घरखर्चाच्या वहीसारखी आहे. प्लवक, जवळा, बोंबील, पापलेट, शार्क असे गट करायचे. प्रत्येक गट वर्षात किती वाढला, त्याने काय खाल्लं, त्याला कुणी खाल्लं, जाळ्यात किती गेलं, ते लिहायचं. जमाखर्च जुळला पाहिजे.

पहिल्या फेरीत तो सहसा जुळत नाही. समजा (आकडे फक्त उदाहरणाचे) जवळ्याचं उत्पादन १०० टन आणि तक्त्यानुसार मासे आणि जाळी मिळून १२० टन फस्त करतात. मग मी बोंबलाच्या आहारातला जवळा ६० टक्क्यांवरून ४५ वर आणते आणि उरलेले १५ कोळंबीच्या खात्यात टाकते. झालं, वही जुळली! बोंबलाला कुणी विचारलंच नाही. जेसन लिंक यांनी २०१० मध्ये जुळवाजुळवीआधीच्या काही चाचण्या सुचवल्या. त्या उपयोगी आहेत, पण आकडा विचित्र आहे का एवढंच त्या सांगतात. तो आपल्या किनाऱ्यावर मोजलेला की दुसऱ्या समुद्रातून उसना आणलेला, हे नोंदवायला सॉफ्टवेअरमध्ये ‘पेडिग्री’ नावाची वेगळी सोय आहे. ही वंशावळ धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर मॉडेलच्या निकालासोबतच ठेवायला हवी.

हे नीट करता येतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सुनील मोहम्मद आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कर्नाटक किनाऱ्याचं मॉडेल प्रसिद्ध केलं. त्याला तिथल्याच माशांची पोटं उघडून केलेल्या अभ्यासाचा आधार होता. कंटाळवाणं, वास येणारं काम, पण मॉडेलचा खरा जीव त्यात आहे. ते मॉडेल कोकणासाठी उसनं घ्यावं का? माझं मत नाही असं आहे. कारण आपल्या उत्तर किनाऱ्यावर डोल आहे.

अर्नाळा, उत्तन, वर्सोवा इथली डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून रोवलेलं पिशवीसारखं जाळं. प्रवाह आणेल ते आत. बोंबील, जवळा, आणि त्यांच्यासोबत पापलेटची पिल्लंही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. हेतू चांगला आहे. पण डोल वर ओढेपर्यंत पिल्लू बहुधा मेलेलंच असतं, मग पट्टी लावून काय मोजणार? जाळ्याचा आस मोठा करावा तर जवळा निसटतो, म्हणजे कोळ्याची कमाई आणि आपली सुकट दोन्ही.

असा पेच सोडवायलाच मॉडेल हवं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण पापलेट हा एकच गट ठेवला तर किमान आकाराचा नियम त्यात तपासताच येत नाही. मॉडेलला पिल्लू आणि मोठा मासा यांतला फरकच कळत नाही. दोन वयोगट वेगळे करण्याची सोय आहे, मात्र त्यासाठी डोलीत पिल्लं किती येतात याची नोंद लागते. बंदरावर उतरलेल्या मासळीचे अंदाज मिळतात, समुद्रातच फेकून दिलेलं त्यात येत नाही. नोंद नसलेलं पिल्लू मॉडेलसाठी पकडलंच गेलेलं नसतं.

मला मॉडेलकडून एक साधं उत्तर हवंय: डोल नेमक्या कोणत्या पंधरवड्यात थांबवली तर पापलेटची पिल्लं वाचतील आणि जवळ्याचा तोटा किती होईल? इकोपाथचा काळानुसार चालणारा भाग, इकोसिम, महिन्याच्या पायरीने चालतो, त्यामुळे निदान महिन्यापर्यंत तरी पोचता येईल. माझ्या तक्त्यात डोलीचा रकाना मात्र अजून वर्षाच्या एकाच आकड्याचा आहे.