बायजाबाईंच्या हिशेबाच्या वह्या कोण वाचणार?

'द सर्पंट क्वीन' ही सिरीज तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. इटलीतल्या मेडिची घराण्यातली कॅथरिन १५३३ मध्ये, वयाच्या १४व्या वर्षी फ्रान्सच्या राजपुत्राशी लग्न करते. १५५९ मध्ये नवरा जातो आणि पुढे मुलांच्या राज्यात कारभाराची सूत्रं तिच्या हातात येतात. तिच्यावर चरित्रं आहेत, नाटकं आहेत, सिरीज आहे.

आता आपल्याकडची गोष्ट बघा. कागलच्या घाटग्यांची मुलगी बायजाबाई. जन्म १७८४. १७९८ मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांशी लग्न, म्हणजे तीही साधारण १४ वर्षांचीच. १८२७ मध्ये दौलतराव गेले. तिने जनकोजीला दत्तक घेतलं आणि १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार स्वतः पाहिला. पण तिचं नाव निघालं की आपण काय सांगतो? दिसायला फार सुंदर होती, आणि बापाने, सर्जेराव घाटग्याने, दिवाणगिरीसाठी तिला देऊन टाकली. बस्स.

सर्जेरावाने पुण्यातल्या सावकारांचा किती छळ केला, हे सगळं खरं आहे. पण ती बापाची गोष्ट झाली. मुलीची कुठे आहे?

तिची थोडी जवळून ओळख करून देणारं एक पुस्तक आहे, फॅनी पार्क्स या इंग्रज बाईचं १८५० मध्ये छापलेलं प्रवासवर्णन. ते मी हौगांग मॉलमधल्या चेंग सान वाचनालयात बसून मोबाइलवर वाचलं. १८३५ मध्ये फतेहगढच्या छावणीत दोघी भेटतात. तेव्हा बायजाबाईंची गादी गेलेली आहे. इंग्रज बायका घोड्यावर एका बाजूला पाय टाकून बसतात, याचं छावणीतल्या बायकांना हसू येतं. मग फॅनी मराठी पोशाख चढवते आणि आपल्या बायकांसारखी मांड टाकून बसते. एकदा विधवांच्या हालांवरून बोलणं निघतं, तेव्हा फॅनी सांगते की इंग्लंडचा कायदाही लग्न झालेल्या बाईला नवऱ्याची गुलामच करून ठेवतो. हा प्रसंग वाचताना मी थांबले. माझ्या पासवर 'डिपेंडंट' लिहिलंय, आणि २०२१ पासून असा पास असलेल्यांना नोकरी करायची तर वेगळा वर्क पास काढावा लागतो. तुमच्यापैकी कुणाच्या आईकडे किंवा बायकोकडे हाच पास असेल, तर त्या छावणीतलं बोलणं तुम्हालाही जुनं वाटणार नाही.

तरीही माझी या पुस्तकाबद्दल तक्रार आहे. त्याच्या नावातच 'पिक्चरेस्क' हा शब्द आहे, म्हणजे चित्रासारखं दिसणारं काहीतरी. फॅनीला बायजाबाई भेटतात त्या राज्य गेल्यावर, तंबूत, दागिने उतरवलेल्या. त्यामुळे आपल्या मनात राहते ती एक गोड हसणारी, दुःखी राणी. सत्तेतली बाई तिथे क्वचितच दिसते. ती बाई पैशाच्या व्यवहारात पक्की होती. तिची गुंतवणूक सावकारी पेढ्यांमध्ये होती. बनारसला ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप तिने बांधवला. खुद्द कंपनी सरकारला ग्वाल्हेरकडून कर्ज हवं होतं. आणि जनकोजी मोठा होऊ लागला तरी तिने कारभार सोडला नाही, हेही लपवायचं कारण नाही. १८३३ मध्ये फौज त्याच्या बाजूने गेली आणि तिला ग्वाल्हेर सोडावं लागलं. बिचारी म्हणून तिची कीव करायची, तर हा भाग गाळावा लागतो. आणि तो गाळला की तिची अक्कलही गळते.

फॅनीने निदान तिच्यासमोर बसून तिचं ऐकलं. आपण तेवढंही केलेलं नाही. कॅथरिनला 'वाण्याची पोर' म्हणून हिणवलं गेलं, तरी तिच्या राजकारणावर आज ग्रंथ लिहिले जातात. बायजाबाईंच्या बाबतीत आपण लग्नाच्या मांडवातच अडकून पडलोय. बापाने १७९८ मध्ये कोणता सौदा केला हे आपल्याला पाठ आहे. पुढे ३० वर्षांनी तिने स्वतः कोणते सौदे केले, हे विचारायला हवं.

१८६३ मध्ये ग्वाल्हेरला त्या वारल्या. त्यांच्यावर कुणी सिरीज काढणार असेल, तर माझी एकच अट आहे. पहिला सीन लग्नाचा नको. समोर हिशेबाची वही उघडी असू दे, आणि वाचणारी ती स्वतः असू दे.