मांत्रिकाचे सोंग कोणाच्या अंगावर?

भिवंडीतील एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांनी एकांकिका बसवली. तीत मंत्र जाणणारी चार पात्रे : ऋषी, मांत्रिक, चेटकीण आणि भगत. भूमिका वाटल्या त्या दिवशी मी हजर होतो. ऋषीसाठी गोरा, 'शुद्ध' बोलणारा मुलगा निवडला गेला. भगत पाड्यावरच्या वारली मुलाकडे आला. 'तुला मेकअपही लागायचा नाही,' असे कोणीसे म्हणाले. सगळे हसले. तोही हसला. या एकांकिकेचे परीक्षण मला तेथूनच सुरू करावे लागते.

मंत्र चौघांकडेही आहे. अथर्ववेदात ताप उतरवण्याचे मंत्र आहेत, सवतीचा काटा काढण्याचे आहेत, शत्रूच्या नाशाचेही आहेत. पण ते रचणारा ऋषी ठरला. पाड्यावरचा माणूस तांदळाचे दाणे पाहून तेच सांगू लागला की तो करणी करणारा! प्रश्न मंत्राच्या मालकीचा आहे. विसाव्या शतकाच्या तोंडावर कोल्हापुरात खुद्द शाहू छत्रपतींना शूद्र ठरवून वेदोक्त मंत्र नाकारले गेले. राजाची ही गत, तेथे भगताला कोण विचारतो?

आपली रंगभूमी ही विभागणी निमूटपणे उचलते. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, २०१८ साली वैभव मांगल्यांनी. मलाही ती आवडते. मुले हसतात आणि त्यांची भीती जाते. पण नंदुरबारकडे सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण होते. नटाला प्रयोगानंतर लुगडे उतरवता येते. त्या बाईने काय उतरवायचे?

आणि जे मंचावर येतच नाही त्याचे काय? वारल्यांचे लग्न धवलेरी लावते. ती बाई असते, आणि तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. मंत्राची एवढी अधिकारी बाई भिवंडीपासून फार लांब नाही, पण आमच्या एकांकिकाकाराला ती सुचली नाही. त्याला १९९३ च्या 'झपाटलेला'तला बाबा चमत्कार आधी आठवला.

मी हे तिऱ्हाइतासारखे लिहू शकत नाही. माझे आजोबा पोतराज होते. कमरेला चिंध्यांचा घोळ, पायांत घुंगरू, हातात आसूड. आजी मरीआईचा देव्हारा डोक्यावर घेऊन पुढे. पटकीच्या साथीत गाव त्यांच्या पाया पडे. साथ ओसरली की भाकरी पुन्हा वरून टाकली जाई. वडिलांचे केसही देवीच्या नावाने राखलेले होते. भिवंडीत यंत्रमागावर लागले तेव्हा पट्ट्यात अडकतील म्हणून त्यांनी ते कापले. क्रांती वगैरे म्हणून नव्हे. पण कापले, आणि मी शाळेत गेलो.

म्हणून भगताचे गोडवे मला गायचे नाहीत. साप चावलेल्याला दवाखान्याऐवजी मंत्राकडे नेऊन गमावलेली माणसे आपल्याच वस्त्यांतली असतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. सर्पदंशावरचे उपचार अडवणे हा त्यात गुन्हा आहे. कायदा निदान कृत्य पाहतो. आमचे नेपथ्यकार माणसाचा रंग पाहतात, हाडांची माळ त्याच्याच गळ्यात घालतात, आणि ऋषीच्या हातून शाप देववून त्याला तेज म्हणतात.

प्रयोगाच्या दिवशी त्या मुलाने हाडांची माळ घातली नाही. घरून सूप आणि तांदूळ आणले होते. किंकाळीची वाट पाहणारे प्रेक्षक आधी हसत राहिले. त्याने दाणे बराच वेळ निरखले, मग संहितेत नसलेले वाक्य बोलला : 'हे माझ्याच्यानं होणार नाही. याला दवाखान्यात न्या.' सभागृह गप्प झाले. पुढचा प्रवेश कोलमडला, आणि दिग्दर्शक विंगेतून त्याच्यावर ओरडला.

अभिनयाचे बक्षीस ऋषीला मिळाले.