‘घाशीराम कोतवाल’: इतिहास आणि उपरोध

जुन्या काळच्या कथानकाकडून मराठी प्रेक्षक बहुधा दोन अपेक्षा करीत आला आहे: पूर्वजांचा गौरव व्हावा, अथवा कथेच्या आडून वर्तमान शत्रूवर प्रहार व्हावा. खाडिलकरांच्या ‘कीचकवधां’त १९०७ सालीं प्रेक्षकांनीं कीचकाच्या ठायीं लॉर्ड कर्झन पाहिला, आणि पुढें सरकारनें तें नाटक बंद पाडलें. तेथें दोषी परका होता, प्रेक्षक निर्दोष होता. १६ डिसेंबर १९७२ रोजीं पुण्यास प्रथम रंगभूमीवर आलेल्या श्री. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाला’नें ही सोय प्रेक्षकांस ठेवली नाहीं; या नाटकाचें सामर्थ्य त्यांतच आहे.

कोठडींत ब्राह्मण गुदमरून मेले आणि १७९१ सालीं जमावानें कोतवालास दगडांनीं ठेचलें, हें इतिहास सांगतोच. म्हणून पुढें काय होणार, ही उत्कंठा येथें गौण ठरते. पात्रांस न दिसणारें प्रेक्षकांस दिसत राहतें. चोरीच्या खोट्या आळानें तुरुंगांत पडलेला घाशीराम सुडासाठीं पोटची मुलगी नानांच्या हवालीं करून कोतवाली मिळवितो. पुणें आपल्या मुठींत आलें असें तो समजतो. नानांनीं आपणांस ढाल केलें आहे, हें त्यास उमगत नाहीं. अखेरीस फळें तोडल्याच्या आरोपावरून तोच इतरांस कोंडतो. अन्यायाचा बळी अन्यायाचें हत्यार कसा बनतो, हें याहून थोडक्यांत सांगणें कठीण.

नानांची बदनामी झाली, हा आक्षेप केवळ हट्टाचा नव्हे. खरें नांव घेणाऱ्यानें सत्याचें ऋण मानावें, हें रास्तच. परंतु काल्पनिक राज्य योजिलें असतें, तर प्रेक्षक पुन्हा परक्याकडे बोट दाखवून मोकळा झाला असता. पेशवाईचा अभिमान बाळगणाराच येथें अडकतो. पडद्याप्रमाणें प्रसंग झांकणारी व उघडणारी ब्राह्मणांची रांग सर्व कांहीं पाहते, आणि शेवटीं नानांच्या आज्ञेनें उत्सवांत नाचते. लोकांस वाटतें, पाप टळलें. पाप पोसणारा तर त्यांच्यांतच उभा असतो.

एक उणें मात्र सांगितलेंच पाहिजे. जिच्या मोलानें हा व्यवहार झाला, त्या ललितागौरीच्या मनाचा ठाव नाटक घेत नाहीं. तिच्या मरणाचें दुःख लगेच बापाच्या क्रोधांत विरून जातें. सत्तेचा हिशेब मांडतांना नाटककारानेंही तिला रकमेपलीकडे फारसें मोजलें नाहीं.

धंतोली, नागपूर.