ठेक्यावरचं कलम

मराठी वर्तमानपत्रात ‘रेव्ह पार्टी’ हे शब्द सहसा एकटे येत नाहीत, ‘वर धाड’ सोबत घेऊनच येतात. मार्च २००७ मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे गावात पुणे ग्रामीण पोलिसांनी अडीचशेहून अधिक तरुण-तरुणींना पकडलं. तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला आणि गुन्हेवार्तांच्या पानावर कायमचा राहायला गेला. आता फार्महाऊसवर पंधरा माणसं आणि एक ब्लूटूथ स्पीकर सापडला तरी मथळा तोच. वाजत काय होतं, वाजवत कोण होतं, लोक नाचत तरी होते का, हे अशा बातमीत वाचल्याचं मला आठवत नाही.

ज्या कलाप्रकाराची आपल्याला फक्त पंचनाम्यातून ओळख आहे, त्याला त्याच्या मूळ गावी, इंग्लंडात, ‘फ्री पार्टी’ म्हणतात. यातला ‘फ्री’ दोन्ही अर्थांनी घ्यायचा, फुकट आणि मोकळी. तिकीट नाही, दार नाही, दारावरचा धटिंगण नाही. कुणीतरी जनरेटर आणतं, कुणीतरी स्पीकर, आणि डिझेलच्या खर्चासाठी बादली फिरते. ठिकाण आदल्या संध्याकाळपर्यंत कुणालाच माहीत नसतं. पूर्वी एका फोन नंबरवर रेकॉर्ड केलेला निरोप असायचा, आता मोबाइलवर मेसेज येतो. आपल्याकडच्या माळावरच्या जत्रेशी तिचं नातं क्लबपेक्षा जवळचं. फक्त जत्रेला देव असतो आणि देवाला पोलीस बंदोबस्त मिळतो.

मजा अशी की फ्री पार्टी जन्माला घातली ती कायद्यानेच. १९८८-८९ मध्ये लंडनभोवतीच्या एम-२५ रस्त्यालगतच्या शेतांत आणि गोदामांत ज्या मोठमोठ्या रेव्ह झाल्या, त्या बहुतेक तिकिटाच्या होत्या आणि आयोजक त्यातून बक्कळ पैसा करत. त्यांच्या मागावर पोलिसांनी वेगळं पथक नेमलं, त्याचं नावच ‘पे पार्टी युनिट’. १९९० मध्ये ग्रॅहम ब्राइट या खासदाराच्या विधेयकातून विनापरवाना करमणुकीचा दंड २० हजार पौंडांवर गेला, वर सहा महिन्यांची कैद. धंदेवाले परवान्याच्या क्लबांत शिरले. ज्यांना धंदा करायचा नव्हता, ते उघड्या माळावर राहिले, आणि तिथे त्यांची गाठ पडली बस-व्हॅनमध्ये बिऱ्हाड थाटून फिरणाऱ्या ‘न्यू एज ट्रॅव्हलर्स’शी. या भटक्यांचं पोलिसांशी जुनं वैर होतं. १ जून १९८५ रोजी स्टोनहेंजच्या फुकट महोत्सवाला निघालेला त्यांचा तांडा विल्टशायरच्या एका शेतात अडवून पोलिसांनी गाड्या फोडल्या होत्या आणि पाचशेहून अधिक लोकांना अटक केली होती. आपल्या भटक्या जमातींना १८७१ मध्ये जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा ज्या देशाने केला, त्याने घरच्या भटक्यांनाही फारसं वेगळं वागवलं नाही, एवढंच इथे नोंदवतो.

मे १९९२ च्या शेवटच्या आठवड्यात, सुट्ट्या जोडून, हे सगळे वूस्टरशायरमधल्या कॅसलमॉर्टन कॉमनवर जमले. जमले म्हणजे ढकलले गेले. एव्हन परिसरात दरवर्षी होणारा महोत्सव तिथल्या पोलिसांनी होऊ दिला नाही, तेव्हा गाड्यांची रांग हद्दीबाहेर सरकत सरकत या गायरानावर येऊन थांबली. स्पायरल ट्राइब, डीआयवाय, बेडलॅम, सर्कस वॉर्प असे संच आपापली साउंड सिस्टिम घेऊन आले. टीव्हीने बातमी दिली, बातमी पाहून आणखी लोक आले. वीस ते चाळीस हजार असा अंदाज सांगतात. आठवडाभर आवाज थांबला नाही.

गावकऱ्यांचं काय झालं, हे या चळवळीच्या आठवणी सांगणारे लोक एका वाक्यात उरकतात. ते मला पटत नाही. कॅसलमॉर्टन हे मूठभर वस्तीचं गाव. मेंढ्यांमागे लागणारी कुत्री, कुंपणाआडची माणसांची घाण, आणि सात रात्री उशाशी धडधडणारा बास. आपल्या गल्लीत डॉल्बीची भिंत लागल्यावर खिडकीच्या काचा कशा थरथरतात ते ज्याने अनुभवलंय, त्याला हे समजावून सांगायला नको. मोकळेपणाची किंमत दुसऱ्याच्या झोपेतून वसूल करायची आणि त्याला स्वातंत्र्य म्हणायचं, हा दोष फ्री पार्टीच्या अंगात पहिल्यापासून आहे. नशा केलेला माणूस रानात कोसळला तर रुग्णवाहिका कुठून येणार, याचं उत्तरही फार थोड्या आयोजकांकडे असे.

पण सरकारने उत्तर दिलं ते या प्रश्नांना नव्हे. आधी खटला झाला. स्पायरल ट्राइबच्या तेरा जणांवर सार्वजनिक उपद्रवाच्या कटाचा आरोप ठेवला, सुमारे चाळीस लाख पौंड खर्च झाले, आणि मार्च १९९४ मध्ये ज्युरीने सगळ्यांना सोडून दिलं. मग त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ‘क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर अॅक्ट’ आला. त्यातलं कलम ६३ तेव्हा सांगत होतं की उघड्यावर शंभर वा अधिक माणसांच्या जमावात रात्री असं संगीत वाजत असेल की ज्याने आसपासच्या लोकांना गंभीर त्रास होईल, तर पोलीस जमाव उठवू शकतात. पुढची कलमं यंत्रं जप्त करायची आणि पाच मैलांच्या परिघात पार्टीकडे निघालेल्याला परत पाठवायची मुभा देतात. इथवर हा कुठल्याही देशाचा उपद्रवाचा कायदा वाटतो. नंतर मसुदाकाराला शंका आली असावी की कोर्टात कुणी म्हणेल, हे संगीतच नाही! म्हणून त्याने व्याख्या जोडली: पूर्णतः किंवा मुख्यतः पुनरावृत्त ठोक्यांची मालिका बाहेर टाकणारे आवाजही ‘संगीत’ समजावेत.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तबलजी मित्राला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “म्हणजे आम्ही सगळे आत!” ठेका म्हणजे दुसरं काय? आपल्याकडे बहुतेक संगीत आवर्तनावर उभं. सम येते, पुन्हा येते, आणि ती पुन्हा येते म्हणून मान हलते. हलगी, संबळ, चौंडकं, भजनाची चिपळी, कुणीच या व्याख्येतून सुटत नाही. मसुदाकाराला ही व्यापकता अभिप्रेत नव्हती, त्याला एकाच पिढीचा एकच ठेका हवा होता. पण शब्द तसे सापडले नाहीत, आणि त्यामुळे आधुनिक कायद्याच्या पुस्तकात लयीची व्याख्या शिरली.

याला सर्वांत नेमकं उत्तर दिलं ते ऑटेकर या दोन माणसांच्या गटाने. विधेयक मंजूर होण्याआधी, सप्टेंबर १९९४ मध्ये, त्यांनी ‘अँटी’ नावाची तबकडी काढली. वेष्टनावर एक सील होतं आणि सीलवर सूचना. तीनपैकी दोन रचनांत पुनरावृत्त ठोके आहेत, सबब कायदा झाल्यास त्या वाजवू नयेत. तिसरी, ‘फ्लटर’, मात्र अशी रचली आहे की तिच्यातली कुठलीही दोन आवर्तनं सारखी नाहीत. तरीही पोलीस आलेच तर खात्री पटवायला वकील आणि संगीततज्ज्ञ सोबत ठेवावेत. हा नुसता विनोद नाही. ‘फ्लटर’ ऐकून पाहा. पायाने ठेका धरावा आणि तो हाती लागतोय असं वाटेपर्यंत तो तसूभर सरकलेला असावा, असं तिचं अंग आहे. कायद्यातल्या एका विशेषणावर भाष्य करणारी आणि तरीही ऐकण्याजोगी दुसरी रचना मला ठाऊक नाही. ऑर्बिटल या गटाने त्याच सुमारास विधेयकाच्या नावाने जो ट्रॅक काढला, तो म्हणजे काही मिनिटांची निखळ शांतता. कल्पना छान, पण एकदा कळली की संपली.

संच तोवर इंग्लंडबाहेर पडले होते. १९९३ मध्ये फ्रान्समध्ये बोव्हेजवळ पहिला ‘टेक्निव्हल’, म्हणजे अशा संचांचा फुकट मेळा, झाला, आणि या कलेने आपला खरा घाट तिथे घेतला. टेक्निव्हलला मंच नसतो. डीजे स्पीकरच्या भिंतीमागे असतो, बहुतेकांना तो दिसतही नाही. लोक त्याच्याकडे नव्हे, भिंतीकडे तोंड करून नाचतात. काही जण अक्षरशः बासच्या तोंडाशी उभे राहतात. गोव्यात २००७ पासून आणि २०१६ मध्ये पुण्याजवळ केसनंदला झालेल्या सनबर्नसारख्या महोत्सवात याच्या उलट चित्र दिसतं. उंच मंच, एलईडीचा पडदा, मधोमध हात वर केलेला तारा, आणि समोर हजारो मोबाइल. दोन्हीकडे ठेका जवळपास तोच असतो. एकीकडे कलाकार लपलेला असतो, दुसरीकडे बाकी सगळंच त्याच्यामागे लपतं. मला पहिली मांडणी कलेच्या दृष्टीने मोलाची वाटते. मात्र त्या भिंतीतून गेली वीसेक वर्षं जे बाहेर येतंय, ते फारसं बदललेलं नाही, हेही सांगायला हवं. तोच मिनिटाला १७०-१८० ठोक्यांचा धबडगा, तीच कर्कश शिट्टीसारखी सिंथची रेघ. पोलिसांना चकवण्यात जेवढी कल्पकता गेली, तेवढी संगीतात गेली असती तर बरं झालं असतं.

आता या साऱ्याला किती सहनशीलता मिळाली, ते पाहू. संगीताला ती मिळाली. मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत बसवलं. इंग्लंडमध्ये जेरेमी डेलरसारखा मान्यवर कलावंत शाळेच्या वर्गात जाऊन रेव्हचा इतिहास शिकवतो आणि त्याची फिल्म करतो. मेळाव्याला मात्र ती मिळाली नाही, उलट फास आवळला. इंग्लंडात २००३ मध्ये शंभराची अट वीसवर आली आणि ‘उघड्यावर’ हीही अट गेली, म्हणजे बंद गोदामातले वीस जणही आले. कोविडकाळात, ऑगस्ट २०२० अखेर, तिथे तीसहून अधिक लोकांचा बेकायदा मेळावा भरवणाऱ्याला १० हजार पौंड दंड ठरला. फ्रान्सने २००१ मध्ये मारियानी दुरुस्तीने प्रशासनाला आगाऊ कळवणं बंधनकारक केलं. तरी गृहमंत्री असताना सार्कोझींनी काही टेक्निव्हलना जागा मिळवून दिल्या, म्हणून चळवळीतले लोक अशा टेक्निव्हलना हसून ‘सार्कोव्हल’ म्हणू लागले. पुढे तो समझोता विरला. जून २०२१ मध्ये ब्रिटनीतल्या रदों इथे पोलिसांच्या रात्रीच्या कारवाईत एका बावीस वर्षांच्या तरुणाचा हात गेला. चेक पोलिसांनी २००५ चा ‘चेकटेक’ हा टेक्निव्हल असाच बळाने उधळला होता. आणि इटलीत ऑक्टोबर २०२२ अखेर मोडेनाजवळच्या एका गोदामातली पार्टी निमित्त ठरली. मेलोनी सरकारने आल्या आल्या अध्यादेश काढला. तो डिसेंबरात कायदा झाला तेव्हा अशा मेळाव्याच्या आयोजकाला तीन ते सहा वर्षांची कैद लिहिली गेली. मोडेनातली मंडळी मात्र पोलिसांशी बोलणी करून, जागा आवरून गेली होती.

आवाजाचाच प्रश्न असता तर परवान्याच्या क्लबांवरही तेवढाच रोख असता. तिकीट लागलं, परवाना लागला, दारू कंपनीचा फलक लागला, की तोच ठोका उद्योग ठरतो. पोलिसांना आणि मंत्र्यांना खुपतं ते दार नसणं.

गोव्याकडे पाहिलं की हे आणखी स्वच्छ दिसतं. सत्तरच्या दशकात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर जमलेल्या हिप्पींच्या पार्ट्या आधी गिटारींच्या होत्या. पुढे कॅसेटी आल्या, कारण दमट उकाड्यात तबकड्या वाकत. त्यातूनच सलग रात्रभर जोडून वाजवायची ती पद्धत घडली जिला जग ‘गोवा ट्रान्स’ म्हणतं. २०२३ मध्ये वारलेला गोवा गिल तिचा सर्वांत परिचित चेहरा. नृत्याच्या जागेभोवती गावातल्या बायका चटया पसरत, घासलेटचा दिवा लावत, चहा आणि ऑम्लेट विकत. नाचून थकलेला परदेशी त्या चटईवर आडवा व्हायचा आणि उन्हं वर येईपर्यंत तिथेच असायचा. कुणाची तरी वर्षाची कमाई हंगामाच्या तीन महिन्यांत होत असे. फुकट पार्टीतला खरा स्थानिक वाटा तो होता.

पण ती सर्वांसाठी मोकळी होती, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. अरुण सालढाणा यांनी २००७ च्या ‘सायकेडेलिक व्हाइट’ या पुस्तकात हणजूणच्या पार्ट्यांचं बारकाईने निरीक्षण केलं आहे. पहाट झाली की नृत्यभूमी जुन्या गोऱ्या मंडळींची होते आणि देशी पर्यटक हळूहळू कडेला सरकतात, हे त्यांनी दाखवलं. पोलिसांना द्यावी लागणारी चिरीमिरीही त्यांच्या लिखाणात आहे. दार नव्हतं, पण उंबरा होता.

डिसेंबर १९९४ मध्ये, इंग्लंडचा तो कायदा होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा बीबीसी रेडिओ १ वर पॉल ओकनफोल्ड या डीजेचा ‘गोवा मिक्स’ वाजला. माळावर मनाई, नभोवाणीवर स्वागत. आपल्याकडे ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे बजावले, आणि उघड्यावरच्या भोंग्याला रात्री दहाचा काटा लागला. हाच काटा जत्रेतल्या तमाशाला आणि दशावतारालाही लागला, आणि वर्षातले मोजके उत्सवी दिवस बारापर्यंत सवलत कुणाला द्यायची ते सरकार ठरवू लागलं. किनाऱ्यावरची पार्टी मेली, चटया गुंडाळल्या गेल्या. त्या जागी क्लब आले. आज मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे हणजूण-वागातोरचे रहिवासी ज्या आवाजाविरुद्ध दाद मागतात, तो या क्लबांचा आहे. दक्षिण गोव्यात पाळोळ्याला त्यावर एक तोड निघाली: दहा वाजले की सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. बाहेर उभ्या माणसाला फक्त शेकडो पायांची सरसर ऐकू येते आणि मधूनच कुणीतरी बेसूर ओरडतं. नियम पाळला जातो, शेजारी झोपतो, तिकीटही फाडलं जातं. मला ते दृश्य गमतीचं वाटतं, पण तिथे जो तो आपापल्या कानात नाचतो.

‘रेव्ह पार्टीवर धाड’ ही बातमी पुन्हा येणार आहे, कदाचित याच आठवड्यात. ती लिहिणाऱ्या वार्ताहर मित्रांना एकच विनंती. जप्तीची यादी, वाहनांची संख्या, कलमं सगळं द्या. शेवटी एका ओळीत, तिथे वाजत काय होतं, तेही लिहा.