‘नंतर पाठवू’ या आश्वासनाची परीक्षा

मोबाइलच्या ब्राउझरात चालणारी हजेरीची किंवा गुणनोंदीची पाने शिक्षकांच्या परिचयाची आहेत. रेंज नसली की ‘जतन केले, नंतर पाठवू’ अशी अक्षरे उमटतात आणि शिक्षक फोन खिशात टाकून वर्गाकडे वळतात. हे ‘नंतर’ कोण ठरवते, हे आम्ही तपासून पाहिले.

पान नजरेआड झाले की त्याचे काम मंदावते. २०२१ पासून क्रोममध्ये पाच मिनिटे दडून राहिलेल्या पानातील घड्याळाचा ठोका बहुधा मिनिटाला एकदाच पडतो. याबद्दल आमची तक्रार नाही. बॅटरी एकच आणि तिच्यावर हक्क सांगणारी पाने अनेक.

यावर उपाय म्हणजे ‘सर्व्हिस वर्कर’ ही पानापासून वेगळी चालणारी छोटी आज्ञावली. ब्राउझर तिला कामापुरते उठवतो आणि पुन्हा झोपवतो. २०१६ मध्ये क्रोममध्ये ‘बॅकग्राउंड सिंक’ आले: रेंज परतताच हिला उठवून साठलेली नोंद धाडायची. कल्पना सुरेख आहे. शिपायाच्या हाती टपाल देऊन आपण निर्धास्त व्हावे, तशीच. पण हा शिपाई मोजक्याच खेपा घालतो, आणि सफारी व फायरफॉक्स यांत तर तो नेमलेलाच नाही! अक्षरे मात्र सर्वांना तीच दिसतात.

२०२० मधील ‘पीरिऑडिक बॅकग्राउंड सिंक’ या सोयीबद्दल आमचा आक्षेप अधिक आहे. चोवीस तासांनी उठव असे सांगितले तरी ते ‘निदान चोवीस तास’ एवढेच असते. आपण ते संकेतस्थळ किती वापरता हे पाहून क्रोम वेळ ठरवतो. शिवाय ते फोनवर स्थापित केलेले आणि नेटवर्क पूर्वी जोडलेले हवे. झोपलेल्या फोनवरून पाळत ठेवली जाऊ नये म्हणून हे निर्बंध योग्यच. परंतु आठवड्यातून एकदा पान उघडणाऱ्या शिक्षकाला, ज्याला या सोयीची खरी गरज, तिचा लाभ सर्वांत कमी!

सफारीत आणखी एक धोका आहे. २०२० पासून, सफारीच्या वापराचे सात दिवस एखाद्या स्थळाला हात न लावता गेले, तर त्याने फोनवर साठवलेला मजकूर पुसला जातो. (होम स्क्रीनवर ठेवलेल्या ॲपला सूट आहे.) दिवाळीच्या सुटीत न पाठवलेल्या नोंदी अशा जाऊ शकतात.

दोष आम्ही ब्राउझरला देत नाही, पान रचणाऱ्यांना देतो. किती नोंदी अडकल्या आहेत तो आकडा समोर दिसावा, पान उघडताच त्या आपोआप निघाव्यात, ‘आता पाठवा’ असे बटण असावे आणि पोच आल्याशिवाय ‘पाठवले’ म्हणू नये.

शिक्षकांनी आपापल्या पानाची परीक्षा जरूर घ्यावी. फोन विमान-स्थितीत टाकून एक नोंद करा, पान बंद करा, रेंज सुरू करा. पान न उघडता शाळेच्या संगणकावर ती नोंद येते का पाहा. आयफोनच्या सफारीतून केलेली नोंद पान पुन्हा उघडेपर्यंत तिथे दिसणार नाही.