मास्तरच्या मागे उभी राहिलेली माणसे

दलित आत्मकथनांची चर्चा करताना आपण मास्तर ह्या माणसावर पुष्कळ लिहिले. वर्गाबाहेर बसवणारा मास्तर, विटाळ नको म्हणून लांबून छडी फेकणारा मास्तर, आणि क्वचित कुठे पाठीवर हात ठेवणारा मास्तर. ह्यांची मोजदाद केली की आत्मकथनाचा सामाजिक आशय आपल्या हाती आला, असे समीक्षकाला वाटते. पण मास्तर आणि मूल ह्यांच्या मध्ये आणखी एक माणूस उभा असतो. तो म्हणजे त्या मुलाचा बाप किंवा आई. आपल्या समीक्षेने त्यांच्यासाठी दोन ठरीव शब्द राखून ठेवले आहेत. आई म्हणजे कष्ट आणि बाप म्हणजे दारिद्र्य. त्यांच्याविषयी आपण गहिवरलो. त्यांनी नेमके काय केले हे मात्र वाचले नाही. पोराला शिकवू पाहणाऱ्या माणसाशी ह्या निरक्षर वा अर्धसाक्षर पालकांनी कोणते नाते जोडले, हा आपल्या आत्मकथनांतला एक मूलभूत प्रश्न आहे आणि तो अजून अनुत्तरित आहे.

हा प्रश्न वाङ्मयापुरता असता तर तो आणखी काही वर्षे थांबला असता. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारी पट्ट्यात तो आज रोज विचारला जातो. शिक्षकांच्या खोलीत म्हणतात, 'ह्या पालकांचे सहकार्यच नाही.' वस्तीत म्हणतात, 'मास्तर लक्षच देत नाहीत.' विशेष हे की ही दोन्ही वाक्ये आता आपल्याच माणसांच्या तोंडी असतात. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, त्यामागून मोठे कारखाने आले, 1972च्या दुष्काळाने माणसे गावाबाहेर काढली, 1982 साली येथे महानगरपालिका झाली. ह्या काळात आलेल्या कामगारांची मुले शिकली; काही शिक्षक झाली. पुढे चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या शिवारात कारखाने गेले आणि मराठवाड्या-विदर्भातून नवी माणसे कंत्राटदाराच्या हजेरीवर आली. आज पहिल्यांचे मूल खुर्चीवर आहे आणि दुसऱ्यांचे मूल बाकावर आहे. मधली फट आपल्या घरातली आहे. म्हणून पालकाने शिक्षकाच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे काय, ह्याचे उत्तर परक्या मानसशास्त्रात शोधण्याआधी आपल्या इतिहासात आणि आपल्या पुस्तकांत शोधले पाहिजे.

सुरुवात पुण्यातूनच करू. जोतीराव फुल्यांना त्यांच्या वडिलांनी, गोविंदरावांनी, शाळेत घातले आणि दुकानातल्या ब्राह्मण कारकुनाचे ऐकून शाळेतून काढलेही. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब ह्यांनी त्यांची समजूत घातली, तेव्हा 1841 साली जोती पुन्हा शाळेत गेले. ही गोष्ट आपण गफार बेगांच्या थोरवीसाठी सांगतो आणि ते योग्यच आहे. पण त्यात गोविंदरावांचीही एक कृती आहे. घेतलेला निर्णय चुकला हे त्यांनी दोन परधर्मीय माणसांकडून ऐकून घेतले आणि तो फिरवला. जातीच्या दडपणाखाली वाकलेला बाप दुसऱ्याच्या सांगण्याने सरळ झाला. पुढे 1849 साली हेच गोविंदराव पुन्हा वाकले आणि त्यांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. एकच बाप दोन्ही करतो. पालकाचा पाठिंबा ही मनाची कायमची अवस्था नाही. ती दर वेळी नव्याने करावी लागणारी कृती आहे आणि ती करताना त्याच्या कानाशी कोण बोलत आहे ह्यावर पुष्कळ अवलंबून असते.

दुसरे उदाहरण रामजी सकपाळांचे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' ह्या ग्रंथासाठी 1956 साली लिहिलेल्या आणि पहिल्या आवृत्तीत न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ते सांगितले आहे. इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्याबद्दल समाजातील मंडळींना मुलाचा सत्कार करायचा होता. रामजींनी नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल असे त्यांना वाटले. मंडळी कृष्णाजी अर्जुन केळुसकरांकडे गेली. केळुसकर हे शिक्षक, लेखक आणि रामजींचे स्नेही. त्यांनी रामजींशी वाद घातला आणि रामजींनी माघार घेतली. सभा झाली. तीत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना दिले.

येथवरची कथा सर्वांना पाठ आहे. खरी कथा तिच्यापुढे सुरू होते. पुस्तक वाचून मुलाने बापाला विचारले की आम्हांला रामायण-महाभारत वाचायला का लावता? बुद्धाचे साहित्य का दिले नाही? रामजींनी त्याला गप्प केले. तुम्ही पोरे आहात, सांगितले तेवढे करा, अशा अर्थाचे ते बोलले. काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. ह्या वेळी वडील उत्तराची तयारी करून बसले होते, असे बाबासाहेब नमूद करतात. आपण अस्पृश्य, मुलांच्या मनात न्यूनगंड येईल, तो जावा म्हणून द्रोण, कर्ण, वाल्मीकी ह्यांच्या कथा वाचायला लावल्या, असे त्यांचे उत्तर होते. मुलाचे समाधान झाले नाही. ते व्हावे अशी अपेक्षाही नाही. पण लष्करात सुभेदार राहिलेला, घरात ज्याचा शब्द अखेरचा असे तो कबीरपंथी बाप, दुसऱ्याने दिलेल्या पुस्तकातून आलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी तयारी करतो, ही घटना समीक्षकांनी सत्काराइतकी मोठी मानली पाहिजे. मुलाच्या हाती पुस्तक देणाऱ्याला घरात येऊ देणे ही पाठिंब्याची पहिली पायरी. त्या पुस्तकाने मूल आपल्यालाच प्रश्न विचारील, हे सोसणे ही दुसरी. पुष्कळ पालक पहिली चढतात आणि दुसरीवरून मागे फिरतात.

रामजींच्या मागे पलटणीची शिक्षणपरंपरा होती. ज्यांच्या मागे काहीच नव्हते त्यांचे काय? लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा' (1980) मध्ये गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणारा कैकाडी बाप मुलाला शाळेत घालण्याचा हट्ट धरतो. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' (1987) मध्ये वस्तीतल्या पोरांना उलट्या-जुलाब होतात आणि दोष येतो शाळेत जाणाऱ्या लक्ष्मणवर. ह्या बापांना मास्तराचा अभ्यासक्रम ठाऊक नव्हता. मास्तर बरा की वाईट हेही त्यांना धड माहीत नव्हते. तरी आपल्याच माणसांचा रोष त्यांनी अंगावर घेतला. व्यवस्थेशी झालेला संघर्ष समीक्षेने टिपला, पण बिऱ्हाडातला हा संघर्ष तिने पार्श्वभूमी म्हणून सोडून दिला. वास्तविक शाळा आणि पाल ह्यांच्या मधल्या जागेत उभा राहणारा हा बापच ह्या पुस्तकांतला पहिला विद्रोही आहे.

आणि आता उर्मिला पवारांची आई. 'आयदान' (2003) मधला हा प्रसंग प्रत्येक शिक्षकाने वाचावा. वडील स्वतः शिक्षक होते. मुले शिकली पाहिजेत, एवढे मागे ठेवून ते गेले. आई रत्नागिरीत आयदाने विणून घर चालवी. शाळेच्या आवारात पडलेले शेण काढण्याचे काम गुरुजींनी ह्या मुलीला सांगितले; तिने ऐकले नाही म्हणून मारले. मुलगी रडत घरी आली. आई रस्त्याकडेला विणत बसलेली होती. गुरुजी त्या वाटेने जाताना तिने त्यांना थांबवले आणि भर रस्त्यात जाब विचारला. मी विधवा बाई उन्हातान्हात बसून पोरांना शिकवते आणि तुम्ही माझ्या पोरीशी असे वागता काय, असा त्या बोलण्याचा आशय होता. त्यानंतर तसे काम त्या मुलीला कोणी सांगितले नाही आणि तिची शाळेची भीती गेली.

वरवर पाहता ही शिक्षकाविरुद्धची तक्रार आहे. मी तिला शिक्षणाच्या बाजूने केलेली सर्वांत मोठी साथ म्हणतो. त्या आईने पोरीला शाळेतून काढले नाही. गुरुजींच्या पाठीमागे त्यांची निंदा करीत ती बसली नाही. तिने त्यांना तोंडावर त्यांच्या कामाची आठवण करून दिली आणि पोरीला दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात पाठवले. तिच्या जाबात शाळेवरचा विश्वास आहे. ज्याला शाळा आपली वाटत नाही तो जाब विचारीत नाही. तो मुकाट्याने पोराला कामाला लावतो.

उलट आपल्याकडे पालकाच्या पाठिंब्याची जी कल्पना रूढ आहे ती 'मारा, झोडा, पण शिकवा' ही. पिढ्यान्‌पिढ्या मालकापुढे हात जोडलेला माणूस मास्तरापुढेही हात जोडतो आणि आपण त्याला आदर म्हणतो. हा आदर नव्हे. मालकाचे भय शाळेच्या दारात नेऊन ठेवलेले आहे. अशा पालकाचे मूल बुडाले तरी मास्तराला काही वाटत नाही, कारण त्याला विचारणारे कोणी नसते.

येथे एक आक्षेप येईल. आधीच एकाकी असलेल्या दलित शिक्षकाला पालकांनीही जाब विचारायचा काय? हा आक्षेप खरा आहे. शांताबाई कांबळे ह्यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' (1986) हे एका शिक्षिकेचे आत्मकथन आहे. खडू हाती आला म्हणून जात सुटत नाही, हे त्यात दिसते. आजही आरक्षणातून आलेला मास्तर म्हणून कुजबुज करणारे पालक आहेत, आणि कधी कधी आपलीच माणसे त्या कुजबुजीत सामील होतात. इंग्रजी शाळेतला कोणी परका मास्तर त्यांना अधिक हुशार वाटतो. म्हणूनच जाब आणि कुजबुज ह्यांत फरक केला पाहिजे. जाब समोर विचारतात आणि तो एका कृतीबद्दल असतो. कुजबुज मागून होते आणि ती माणसाच्या जातीबद्दल असते. जो पालक समोर येऊन विचारतो, तोच उद्या ह्या शिक्षकावर अन्याय झाला तर त्याच्यासाठी समोर येईल.

आता पट्ट्यातल्या शाळेकडे वळू. पालकसभा कामाच्या दिवशी भरदुपारी असते. त्या वेळी बाप चाकणच्या कंपनीत पहिल्या पाळीवर असतो आणि आई सोसायटीत धुणीभांडी करीत असते. आले तर खाडा पडतो. खाडे वाढले तर कंत्राटदार दुसरा माणूस बघतो. मग हजेरीपत्रकावर सह्या कमी पडतात आणि सहकार्य नसल्याचा शेरा मारला जातो. हा शेरा मारणाऱ्याने आपल्याच बापाची हजेरी आठवावी. दोष पालकाचा की सभेच्या वेळेचा? 2009चा शिक्षण हक्क कायदा पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी व प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवतो. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आणि दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व दिले. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ ह्यांना बंदी घातली. रत्नागिरीच्या रस्त्यावर एका विधवेने स्वतःच्या हिमतीवर जे केले, ते करण्याची खुर्ची आज कायद्याने ठेवलेली आहे. त्या खुर्चीवर कोणाला बसवले जाते, सही करणाऱ्याला की विचारणाऱ्याला, हे पाहण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे. आणि सभा रविवारी घेता येते, पाळी सुटल्यावर घेता येते, वस्तीतल्या विहारात घेता येते, हे शिक्षकांना सांगण्याचे कामही त्यांचेच.

विहाराचे नाव निघाले म्हणून शेवटचा मुद्दा. मुलाला वळण लावणारा माणूस शाळेतच असतो असे नाही. वस्तीतला एखादा पदवीधर तरुण संध्याकाळी चार पोरे जमवून गणित शिकवतो, एखादी मुलगी रविवारी विहारात वर्ग घेते. त्यांना पगार नाही, पद नाही. वस्ती त्यांना काय देते? बहुधा 'नोकरी लागत नाही म्हणून बसलाय' हा टोमणा देते. ज्या मुलीकडे पोरे पाठवली त्या मुलीला रात्री घरी सोडायला कोणी जात नाही. शिकवणी वर्गाची फी उसने काढून भरणारा पालक, फुकट शिकवणाऱ्याच्या वर्गाला एक बल्ब देत नाही. केळुसकरांना ओळखायला रामजी लागतो. तो नसेल तर बुद्धचरित्र कपाटातच राहते.

औद्योगिक पट्ट्याच्या ह्या वस्त्यांतून उद्या आत्मकथने येतील. चाकणच्या दहा बाय दहाच्या खोलीत, पाळीवरून आलेला बाप झोपला आहे म्हणून दाराबाहेर बसून अभ्यास करणारे मूल ती लिहील. त्यात मास्तर असेल, विहारातली ताई असेल. आपली आई त्या दोघांशी कशी बोलली हे ते मूल लिहिणारच आहे. समीक्षकांनी तेव्हा तरी ती पाने भरभर उलटू नयेत.

25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी ह्याच पट्ट्यात, देहूरोडला, बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी त्या दिवशी आपण मुलांना घेऊन तेथे जातो. ज्या पुस्तकाने त्यांची बुद्धाशी पहिली ओळख झाली, ते एका बापाने एका शिक्षकाचे ऐकले म्हणून त्यांच्या हाती पडले होते. पुढच्या वेळी मुलाचा हात धरून त्या पायऱ्या चढताना, त्याला सध्या कोण शिकवते आहे आणि त्या माणसाशी आपण शेवटचे कधी बोललो, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.