ॲनिमेशनपटांतील विनोदी पोपट : इयागो आणि ॲलेक्स

प्रस्तावना :
भारतीय कथापरंपरेतील पोपट हा शहाणा निवेदक आहे. 'शुकसप्तती'तील पोपट रात्रीमागून रात्री कथा सांगून मालकिणीला घराबाहेर पडण्यापासून परावृत्त करतो. 'शुकबहात्तरी' या नावाने ही कथामाला जुन्या मराठीतही आली. व्यवहारातील मराठीने मात्र 'पोपटपंची' हा शब्द अर्थशून्य बडबडीसाठी राखून ठेवला. ॲनिमेशनपटांतील विनोदी पोपट या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या वाणीचे स्वरूप तपासले आहे.

इयागोची तीन रूपे :
अल्लाउद्दीनच्या मूळ कथेत पोपट नाही. तो डिस्नेच्या 'अलादिन' (१९९२) या चित्रपटाची भर आहे. त्याचे नाव शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मधील खलपुरुषाचे आहे. सुलतानासमोर हा पोपट ऐकलेले शब्द तेवढे उच्चारतो. सुलतान कोंबेल ती कोरडी बिस्किटे निमूटपणे गिळतो. एकांतात मात्र तो जाफरजवळ सारा संताप ओकतो. गिल्बर्ट गॉटफ्रीड यांच्या कर्कश आवाजाने हा विरोध धारदार केला. येथे पोपटपंची हे चाकराचे सोंग ठरते; हास्य निर्माण होते ते सोंग आणि सत्य यांच्यातील अंतरातून.

'द रिटर्न ऑफ जाफर'मध्ये (१९९४) इयागो पक्ष बदलतो आणि अखेरीस जाफरचा दिवा तोच लाव्हारसात लोटतो. दूरचित्रवाणी मालिकेत तो नायकाचा कुरकुरणारा सोबती होतो. २०१९ च्या चित्रपटात संगणकनिर्मित इयागो खऱ्या पक्ष्यासारखा दिसतो, परंतु तुटक वाक्यांपुरताच उरतो. दिसण्यातील वास्तव वाढले, बोलण्यातील सत्य घटले.

'दिल्ली सफारी'तील ॲलेक्स :
निखिल अडवाणी दिग्दर्शित 'दिल्ली सफारी' (२०१२) या चित्रपटाची निर्मिती पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने केली. त्यास सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. बोरिवलीच्या जंगलावर बांधकामाचे संकट येते आणि प्राणी दिल्लीला गाऱ्हाणे मांडण्यास निघतात. माणसाची भाषा फक्त ॲलेक्सला येते, म्हणून या पाळीव पोपटाला इच्छेविरुद्ध सोबत घेतले जाते. येथे विनोदाची रचना उलटते. इयागोला समज लपवावी लागते; ॲलेक्सला समजते, म्हणूनच तो संकटात सापडतो. बजरंगी माकडाशी होणारी त्याची भांडणे अनेकदा लांबतात, हा पटकथेचा दोष आहे. त्याहून गंभीर प्रश्न असा, की ज्यांचे घर जाते त्यांना स्वतःची वाणी नाही. ती पिंजऱ्याला सरावलेल्याकडून उसनी घ्यावी लागते. विस्थापितांच्या वतीने नेहमी दुसराच कोणी बोलतो, या सामाजिक वास्तवाचे प्रतिबिंब या योजनेत दिसते. चित्रपट मात्र त्या प्रश्नापाशी पुरेसा थांबत नाही.

निष्कर्ष :
१. विनोदी पोपट केवळ करमणुकीचे साधन नाही. सत्तेसमोर कोण, किती आणि कोणत्या भाषेत बोलू शकतो, हे त्याच्या निमित्ताने उघड होते.
२. त्याची बडबड कमी केल्याने पात्र वास्तव होत नाही. उलट त्याचा टीकेचा अधिकार संपतो.
३. बालप्रेक्षकांसाठीच्या कलाकृतींतील दुय्यम पात्रांचा अभ्यास मराठी समीक्षेने अधिक गांभीर्याने करणे आवश्यक आहे.